‘आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही’

संपादक महोदय,

सापडलेल्या कुत्र्याच्या मानगुटीवरून स्कॅनर फिरतो, बारीकसं ‘बीप’ होतं, छोट्या पडद्यावर पंधरा आकडे उमटतात आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांचे चेहरे उजळतात. चिप आहे, म्हणजे घर आहे! आकडे नोंदणी संस्थेला कळवले जातात, तिकडून मालकाचा मोबाइल नंबर मिळतो, फोन लावला जातो आणि पलीकडून तो निर्विकार आवाज येतो: आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. हरवलेल्या आणि टाकून दिलेल्या कुत्र्यांच्या पुनर्वसनाचं काम करणाऱ्यांना हे वाक्य तोंडपाठ असतं. कुत्र्याला घर असतं, घरात त्याची शोधाशोधही चाललेली असते. मधला दुवा तेवढा तुटलेला असतो. हे पत्र त्या दुव्याविषयी आहे.

चिप म्हणजे कुत्र्याच्या अंगात ठेवलेली पत्त्याची चिठ्ठी, असा अनेकांचा समज असतो. काहींना तर ती कुत्रा कुठे आहे ते नकाशावर दाखवणारं यंत्र वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत. साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड, तांदळाच्या दाण्यासारखी ती एक काचेची कुपी असते. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनरच्या १३४.२ किलोहर्ट्झच्या लहरी पोचल्या की तेवढ्या ऊर्जेवर ती क्षणभर जागी होते, आपला पंधरा अंकी क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प बसते. मालकाचं नाव, फोन, पत्ता, लसी यातलं काही तिला ठाऊक नसतं. ते सगळं कुठल्या तरी संगणकात त्या क्रमांकापुढच्या एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ कोरी किंवा शिळी असेल, तर चिप असूनही नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

ही ओळ कशी बिघडते, याचा एक चांगला हिशेब उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ५३ निवाऱ्यांत आलेल्या, चिप असलेल्या ७,७०४ प्राण्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. चिप असलेल्या बेवारस कुत्र्यांपैकी ५२ टक्के आपल्या घरी परतले. बेवारस आलेले सगळेच कुत्रे धरले, तर हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. तेव्हा चिपचा उपयोग होतो की नाही, हा वाद मिटलेला आहे. पाहण्यासारखी आहे ती मालक न सापडण्याच्या कारणांची यादी. सुमारे ३५ टक्के वेळा फोन नंबर चुकीचा किंवा बंद होता. २४ टक्के वेळा फोनला वा पत्राला मालकाकडून उत्तरच आलं नाही. १७ टक्के वेळा चिप एका कंपनीची आणि नोंद भलत्याच संस्थेकडे, अशी गत होती. जवळपास १० टक्के चिप कुठेच नोंदवलेल्या नव्हत्या. यातल्या दुसऱ्या कारणाबद्दल थोडं मालकांच्या बाजूने बोलायला हवं. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो न उचलणं ही आता शहाणपणाची सवय झाली आहे. म्हणून निवाऱ्याने दोनदा फोन करून थांबू नये. ‘तुमच्या नावावर नोंद असलेला कुत्रा आमच्याकडे आहे’ असा स्पष्ट संदेश आणि सोबत त्याचा फोटो पाठवावा. नोंदीत ईमेल असेल तर त्यावरही कळवावं.

नोंद मुळातच न होण्याचं कारण अगदी साधं असतं. दवाखान्यात चिप बसते, मालक पैसे देतो, घरी जातो. त्याला वाटतं नोंदणी डॉक्टरांनी केली. डॉक्टरांना वाटतं फॉर्म दिला आहे, तो मालक भरेल. फॉर्म लसीच्या पुस्तिकेत घडी घालून तसाच राहतो. वर्षांनी तो कुत्रा सापडतो, तेव्हा क्रमांकाचा माग फार तर ‘ही चिप अमुक दवाखान्याला विकली होती’ इथवर जातो. दवाखान्याने कुठली चिप कोणत्या तारखेला कुणाच्या कुत्र्याला बसवली याची वही ठेवली असेल तर नशीब. दवाखाना बंद झाला असेल, किंवा संगणक बदलताना जुना डेटा गेला असेल, तर माग तिथेच संपला. चिपच्या पाकिटात बारकोडचे स्टिकर येतात. त्यातला एक लसीच्या पुस्तिकेवर, एक नोंदणीच्या फॉर्मवर आणि एक दवाखान्याच्या वहीत, असा तिथल्या तिथे चिकटवायचा असतो. हाताने पंधरा आकडे लिहिले की कुठेतरी ६८ चे ८६ होतातच. चिप बसवण्यापूर्वी पाकिटातच एकदा आणि बसवल्यावर अंगावर एकदा स्कॅन करून दोन्ही क्रमांक स्टिकरशी ताडून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

आता सगळ्यात मोठं भगदाड. कुत्रा एका घरातून दुसऱ्या घरात जातो, तेव्हा नोंद मागच्याच घरात राहते.

कुणाची बदली होते, कुणाच्या घरी बाळाला ॲलर्जी निघते, कुणी परदेशी जातं. कुत्रा ओळखीतल्या कुणाला दिला जातो. पट्टा, भांडं, अंथरूण, उरलेलं खाणं, लसीची पुस्तिका, सगळं बरोबर जातं. चिपची नोंद मात्र जात नाही, कारण ती दिसत नाही. दोन वर्षांनी नवा माणूस तो कुत्रा तिसऱ्याला देतो. कुत्रा हरवून सापडला की फोन लागतो तो पहिल्या मालकाला. तो म्हणतो, ‘मी कधीच देऊन टाकला.’ कुणाला? ‘एका मित्राच्या मेहुण्याला.’ मेहुण्याचा नंबर? तो मित्राला विचारावा लागेल. ही साखळी तीन-चार कड्यांची झाली की कुठेतरी तुटते आणि मधल्या दिवसांत कुत्रा पिंजऱ्यात बसून राहतो. यात दुष्ट कुणीच नसतो. सगळ्यांनी कुत्र्याचं भलंच पाहिलेलं असतं.

कधी उलटंही होतं. नव्या मालकाने हौसेने दुसऱ्याच एका संस्थेच्या संकेतस्थळावर नोंद केलेली असते आणि पहिली नोंद पहिल्या संस्थेकडे तशीच जिवंत असते. एक क्रमांक, दोन ठिकाणी, दोन मालक. निवारा पहिल्याला फोन करतो, तो झटकून टाकतो आणि दुसरी नोंद आहे याचा कुणाला पत्ताच नसतो. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो हाच.

हस्तांतर पोकळ शब्दांवर सोडू नये. कुत्रा हातात देण्याच्या वेळीच दोघांनी समोरासमोर बसून ते उरकावं. आधी स्कॅन करून क्रमांक कागदाशी ताडायचा. मग जुन्या मालकाने नोंदणी संस्थेला हस्तांतराची सूचना द्यायची. बऱ्याच संस्था त्यावर एक सांकेतिक क्रमांक किंवा दुवा पाठवतात, तो नव्या मालकाने आपल्या फोनवरून मान्य करायचा. जुन्या मालकाची संमती नसेल तर जबाबदार संस्था नाव सहसा एकदम बदलत नाहीत. त्या त्याला विचारतात, उत्तराची वाट पाहतात. चोरीचा कुत्रा कुणीही स्वतःच्या नावावर करू नये म्हणून हे बंधन असतं आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळेच जुना मालक परदेशी जाऊन नंबर बदलून बसला, की साधं हस्तांतर महिनोन्महिने अडतं. साध्या कागदावर दोन ओळी, चिप क्रमांक, तारीख आणि दोघांच्या सह्या एवढं जवळ असलं, तर अशा वेळी तोच आधार होतो. आठवड्याभराने नव्या मालकाने स्वतःचा क्रमांक शोधून नोंद खरंच बदलली का ते पाहावं. ‘विनंती मिळाली’ आणि ‘बदल झाला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोंद शिळी असल्याने निवाऱ्यात नेमकं काय अडतं, हे बाहेरून लक्षात येत नाही. बेवारस कुत्रा मालकाच्या शोधासाठी ठरावीक दिवस राखून ठेवावा लागतो. हे दिवस जागोजागीच्या नियमांप्रमाणे वेगळे असतात. चिप नसेल तर मुदत संपली की पुढचा मार्ग मोकळा होतो. चिप आहे पण मालक लागत नाही, हा प्रकार त्याहून अवघड. कागदावर मालक आहे, तेव्हा कुत्रा दत्तक द्यायचा की नाही? नसबंदी करायची की नाही? पत्र पाठवायचं, उत्तराची वाट पाहायची, पुन्हा पाठवायचं. तेवढे दिवस एक जागा अडते आणि दुसरा कुत्रा दाराबाहेर राहतो. कुत्र्याचंही नुकसान होतं. पिंजऱ्यातल्या गोंगाटात काही आठवडे काढलेला कुत्रा भुंकरा तरी होतो किंवा कोपऱ्यात तोंड घालून बसतो, आणि असा कुत्रा बघायला आलेल्या कुटुंबाला आवडत नाही.

औषधांचा प्रश्न याहून तातडीचा. अपस्मारासाठी फेनोबार्बिटॉन घेणारा कुत्रा वरून पूर्ण धडधाकट दिसतो. त्याची गोळी अचानक थांबली, तर एकामागून एक झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेततात. नोंदीत ‘रोज औषध चालू’ एवढे तीन शब्द आणि दवाखान्याचा नंबर असला, तरी पहिल्या रात्रीच कुणीतरी जागं राहील. मधुमेहाच्या इन्सुलिनचंही तसंच. मादीची नसबंदी झाली आहे का, हे केसांखाली विरलेल्या टाक्यावरून नेहमी कळत नाही. नोंद नसेल तर झालेल्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा पोट उघडल्याची वेळ येते.

रेबीजचं तर सांगायलाच नको. कुत्रा कुणाला चावला, तर त्याला दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवतात. पण पिसाळलेल्या जनावराने या कुत्र्यालाच चावा घेतला असेल, तर पुढचं सगळं लसीच्या नोंदीवर ठरतं. लस वेळेवर झाल्याचा पुरावा असला, तर लगेच बूस्टर देऊन काही आठवडे नजरेखाली ठेवणं पुरेसं मानलं जातं. पुरावा नसला तर महिनोन्महिने विलगीकरण किंवा मरण, एवढेच पर्याय उरतात. लस खरोखर झालेली असते, पण ती कोणत्या नावावर, कुठल्या दवाखान्यात, ते सांगणारा माणूस सापडत नाही.

जातिवंत कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक गोंधळ आहे. वंशावळीचे कागद आणि चिपची नोंद या दोन वेगळ्या वह्या आहेत. केनेल क्लबकडे मालकी बदलली म्हणून चिपची नोंद आपोआप बदलत नाही आणि उलटही होत नाही. दोन्हीकडे वेगवेगळं कळवावं लागतं. लोक वंशावळीचे कागद ‘आम्हाला कुठे प्रदर्शनात उतरवायचाय’ म्हणून कपाटात ठेवून देतात. पण कुत्रा निवाऱ्यात आला आणि मालक सापडला नाही, तर पिल्लू ज्याने जन्माला घातलं त्या ब्रीडरपर्यंत याच कागदांवरून पोचता येतं, आणि चांगला ब्रीडर आपलं जनावर कोणत्याही वयात परत घ्यायला तयार असतो. दुसरा उपयोग उलट दिशेचा. एखाद्या कुत्र्यात पुढे डोळ्यांचा किंवा खुब्याचा आनुवंशिक आजार निघाला, तर ब्रीडरने त्याच वेताच्या बाकीच्या भावंडांच्या मालकांना सावध करायला हवं. आठातल्या पाच पिल्लांचा पत्ता जुना असेल, तर सावध करायचं कुणाला?

ज्या देशांनी हे मनावर घेतलं, तिथे कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून आठ आठवड्यांवरच्या कुत्र्याला चिप सक्तीची झाली. तिथे पहिली नोंद ब्रीडरच्याच नावे व्हावी लागते, म्हणजे साखळीची पहिली कडी कधी हरवत नाही. पुढे माहिती ताजी ठेवणं हाही कायद्याचाच भाग आहे. नोंद होते ती कुत्रा जिच्याकडे राहतो त्या व्यक्तीची, आणि ती मालकीचा अंतिम पुरावा मानली जात नाही. हा भेद आपल्याकडेही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. न्यूझीलंडमध्ये कुत्र्याची नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. आमच्या मते ही पद्धत उजवी, कारण वर्षातून एकदा तरी मालकाला आपला फोन नंबर स्वतःच्या हाताने लिहावा लागतो. ‘आजीवन नोंदणी’ ऐकायला छान वाटते, पण ती माणसाला आजीवन विसरायची मुभा देते. शिवाय नोंदणी संस्था स्वतः आजीवन टिकेल याची हमी कुठे असते? २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतली अशी एक कंपनी अचानक बंद पडली आणि तिच्याकडे नोंदवलेल्या चिप पुन्हा दुसरीकडे नोंदवायची धावपळ मालकांना करावी लागली.

दोष सगळा मालकांचा नाही. निवारे आणि बचाव गटही कमी पडतात, आणि त्यात आम्ही आलोच. स्कॅनर घाईने फिरवला जातो. तो अंगाला जवळजवळ टेकवून, सावकाश, नागमोडी चालीने मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत, मग दोन्ही खांद्यांवरून कोपरापर्यंत आणि छातीखालून फिरवायला हवा, कारण खांद्यांच्या मधोमध बसवलेली चिप कातडीखाली सरकत जाऊन पायाकडे उतरलेली सापडते. धातूचा पट्टा किंवा साखळी आधी काढायची. संगणकाच्या पडद्याशेजारी उभं राहायचं नाही. स्कॅनरची बॅटरी उतरली की त्याची पोच कमी होते आणि तो ‘चिप नाही’ म्हणतो. आजच्या चिप १३४.२ किलोहर्ट्झवर बोलत असल्या तरी जुन्या काही १२५ आणि १२८ वर बोलतात, त्यामुळे तिन्ही वाचणारा स्कॅनर हवा. एकदा पाहून भागत नाही. आल्या आल्या, वैद्यकीय तपासणीच्या वेळी आणि दत्तक देण्यापूर्वी, असं तीनदा पाहावं.

दुसरी चूक संगणकावरची, आणि ती फार बेमालूम असते. चिपचे पंधरा आकडे एक्सेलच्या रकान्यात तसेच टाकले की ते त्याला संख्या समजतं आणि ९.८५ई+१४ असं काहीतरी दाखवतं. ती फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली, की पडद्यावर दिसतं तेवढंच उरतं आणि बाकीचे बारा आकडे कायमचे जातात. ज्या देशांचा संकेतांक शून्याने सुरू होतो, त्यांच्या चिपचं पहिलं शून्य गळतं ते वेगळंच. उपाय सोपा आहे. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, मग आकडे भरायचे. शंभर कुत्र्यांची यादी एका क्लिकमध्ये निकामी होते, आणि ते कळतं त्यातला एखादा हरवतो तेव्हा.

तिसरी बाब तात्पुरत्या सांभाळाची. कुत्रा सांभाळणाऱ्या घरी गेला की पहिल्याच दिवशी त्याची नोंद संस्थेच्या नावे आणि दुसरा संपर्क म्हणून त्या घराचा नंबर, असं करावं. नव्या जागेतून पळून जाण्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत नोंद अधांतरी असते. दत्तक पक्कं झालं की मालकाचं नाव पहिलं लावावं. दुसरा संपर्क म्हणून संस्थेचा नंबर मात्र कायम ठेवावा, तोही एखाद्या स्वयंसेवकाचा खासगी नसून संस्थेचा असावा. स्वयंसेवक बदलतात.

मालकांनी करायचं काम दहा मिनिटांचं आहे. वार्षिक लसीला जाल, तेव्हा डॉक्टरांना ‘चिपही वाचून पाहा’ म्हणावं. चिप जागेवर आहे, वाचली जाते आणि क्रमांक पुस्तिकेशी जुळतो, हे त्यातून कळतं. मग नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन नाव, पत्ता आणि फोन पाहावा. दुसरा संपर्क घरातल्याच माणसाचा ठेवू नये. सगळं घर एकाच गाडीतून सहलीला जातं, एकाच डोंगरात सगळ्यांची रेंज जाते आणि कुत्रा हरवतो तो नेमका तिथे. वेगळ्या घरातली, कुत्र्याला ओळखणारी आणि दोन दिवस सांभाळू शकेल अशी व्यक्ती निवडावी, आणि तिला तसं सांगून ठेवावं. नंबर बदलणार असाल तर जुनं सिम बंद करण्यापूर्वी नोंद बदला, कारण बदलाचा ओटीपी बहुधा जुन्याच नंबरवर येतो. पट्ट्याच्या बिल्ल्यावर फोन नंबर ठळक कोरलेला असावा. शेजारच्या गल्लीत सापडलेल्या कुत्र्यासाठी कुणी स्कॅनर घेऊन फिरत नाही, बिल्ला वाचून तो पाच मिनिटांत घरी येतो. नंबर बदलला की बिल्लाही बदलायचा, हे मात्र हमखास राहून जातं.

कुत्रा गेला तरी नोंद बंद करावी. त्या दिवसांत हे करायला हात धजावत नाही, हे आम्हाला कळतं. पण वह्यांमध्ये पंचवीस-पंचवीस वर्षांचे कुत्रे ‘हयात’ असतात. रेबीज रोखण्यासाठी कुत्र्यांच्या संख्येपैकी ७० टक्क्यांना लस पोचावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे ७० टक्के कशाचे, हेच अशा वह्यांवरून काढता येत नाही.

शेवटी एक विनंती आपल्यासारख्या वृत्तपत्रांना आणि समाजमाध्यमांवर माहिती टाकणाऱ्यांना. ‘कुत्रा सापडला आहे’ अशी बातमी देताना चिपचा पूर्ण क्रमांक छापू नका. तो छापला की कुणीही ‘हा माझाच’ म्हणून तोच क्रमांक सांगत येतो. फोटो, सापडल्याची जागा आणि तारीख पुरे. अंगावरची एखादी खूण, कानामागचा पांढरा ठिपका किंवा मागच्या पंजाचं तुटलेलं नख, मुद्दाम राखून ठेवा आणि दावा सांगणाऱ्याला तीच विचारा.

आपले,
श्वान बचाव आणि पुनर्वसनाचं काम करणारे काही कार्यकर्ते